राहत्या घराचे बांधकाम

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे म्हणतात. घर बांधणाराच्या हालअपेष्टांची या म्हणीने पुरती दखल घेतली आहे. गवंडी येत नाही, सुतार अर्धे काम टाकून जातो, चुन्याचा हिशेब जुळत नाही आणि हाती घेतलेला पैसा जोत्यापर्यंतच संपतो. परंतु म्हण करणाराने एक गोष्ट गृहीत धरली आहे. घर बांधणारा मोकळ्या जागेवर बांधतो आणि ते पुरे होईपर्यंत तो दुसरीकडे सुखाने राहतो, असे त्याला वाटत असावे. ज्याला राहत्या घरातच भिंत उचलायची आहे, चालू दुकानाला लागून दुसरा गाळा काढायचा आहे, रोगी खाटेवर असताना पलीकडे नवा कक्ष उभारायचा आहे, त्याच्या अडचणीला आपल्या भाषेत म्हण नाही. ही अडचण जुनी आहे. तिच्यातून माणसांनी वाटा कशा काढल्या, याचा इतिहास पाहण्याजोगा आहे, आणि तो पाहण्यास वर्धा जिल्ह्यासारखी दुसरी जागा आम्हांला ठाऊक नाही.

चालू कामाशेजारी बांधकाम करण्याच्या ढोबळ मानाने तीन रीती आहेत. पहिली रीत अशी, की जुन्याला हात न लावता शेजारी नवे उभारावे आणि ते पुरे झाल्यावर एके दिवशी सगळा कारभार तिकडे न्यावा. लंडनचा जुना पूल सहाशेहून अधिक वर्षे वाहतूक सोशीत आला होता. तो बंद करून शहराचे चालणारे नव्हते. म्हणून १८२४ साली नव्या पुलाचे काम निघाले ते जुन्याच्या अंगाला, काही अंतर सोडून. सात वर्षे एका पुलावरून गाड्या जात होत्या आणि शेजारी दुसरा पूल पाण्यातून वर येत होता. १८३१ साली नवा पूल उघडला आणि मग जुना पाडला. ही रीत निर्धोक खरी. पण तिला दोन गोष्टी लागतात, शेजारची मोकळी जागा आणि दुप्पट पोसण्याची ऐपत. त्या ज्याच्यापाशी आहेत त्याला फारसे शहाणपण खर्चावे लागत नाही.

दुसरी रीत रेल्वेची. वर्ध्याच्या माणसाला ती निराळी सांगावी लागत नाही. ती तो रोज पाहतो. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला, तो वर्ध्यावरूनच. पुढे कोळशासाठी हिंगणघाटवरून वरोऱ्याकडे फाटा निघाला. १९२९ साली काझीपेठ–बल्लारशा हा दुवा जुळला आणि दिल्लीहून मद्रासकडे जाणारी सरळ वाटही याच जिल्ह्यातून गेली. पूर्व–पश्चिम आणि उत्तर–दक्षिण अशा देशाच्या दोन मोठ्या वाटा येथे एकमेकींना भेटतात. अशा ठिकाणी रूळ बदलायचे, पूल दुरुस्त करायचे किंवा तिसरी मार्गिका टाकायची, तर गाड्या कुठे थांबवणार? येथे थांबलेली गाडी मुंबईलाही उशीर करते आणि चेन्नईलाही.

यावर रेल्वेने काढलेला तोडगा म्हणजे ‘ब्लॉक’. दोन गाड्यांच्या मधली ठरावीक वेळ कामासाठी मागून घ्यायची आणि ती संपण्याच्या आत मार्ग पुन्हा गाडी जाण्याजोगा करून द्यायचा. ब्लॉक सुरू होण्याआधी खडी, रूळ, स्लीपर, हत्यारे सगळे जागेवर असावे लागते. निम्मे काम करून उद्या पाहू, असे म्हणण्याची सोय तेथे नसते. मार्ग धोक्याचा झाला तर येणाऱ्या गाडीला वेळीच कळावे, म्हणून ब्रॉडगेज मार्गावर कामाच्या जागेपासून ६०० मीटरवर आडवा लाल झेंडा आणि १२०० मीटरवर रुळावर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके ठेवावेत असा नियम आहे. चाकाखाली फटाका वाजला की चालकाने गाडी आवरायची. या नियमात एक मोठे तत्त्व दडलेले आहे. काम करणाऱ्या गँगमनने गाडीची वाट पाहायची. गाडीला कामासाठी थांबवायचे ते केवळ जीव वाचविण्यासाठी. चालू काम हे घरचे आणि बांधकाम हे पाहुणे, असे नाते येथे कायद्याने ठरवून टाकले आहे.

तिसरी रीत या दोहोंहून वेगळी आहे. तिच्यात जुने आणि नवे असे दोन भागच पडत नाहीत. काम चालत राहते आणि त्याच्या गरजेप्रमाणे घर एकेका खोलीने वाढते. या रीतीचे उदाहरण वर्धा स्टेशनपासून सुमारे आठ किलोमीटरवर आहे. सेवाग्रामकडे लोक तीर्थ म्हणून जातात, कुट्या पाहतात, हात जोडतात. आम्ही आज तेथे बांधकामाची जागा म्हणून जाऊ इच्छितो. त्यात अनादर नाही. त्या कुट्या कोणत्या क्रमाने, कोणत्या ऋतूत आणि कोणासाठी उठल्या हे पाहिले, म्हणजे तेथील माणसांचा विचार अधिक स्वच्छ दिसतो असा आमचा अनुभव आहे.

गांधीजी वर्ध्यास आले त्याआधीच येथे कामाची पेठ मांडलेली होती. जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून विनोबा १९२१ साली येथे आश्रम चालविण्यास आले होते. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्यासाठी जमनालालजींनी आपली बाग दिली, तीच मगनवाडी. जे. सी. कुमारप्पा संघाचे चिटणीस झाले. घाणी, चक्की, हातकागद, मधमाश्या असे प्रयोग तेथे चालू होते. अशा भरल्या घरातून उठून गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगाव या खेड्यात गेले. त्या वेळी त्यांचे वय ६६ वर्षांचे होते. ब्रिटिश नौसेनापतीची कन्या असलेल्या मीराबेन त्याआधीच तेथे जाऊन राहिल्या होत्या. गाव जमनालालजींच्या मालगुजारीतले होते, तेव्हा जागेची वाण नव्हती. हवे असते तर वर्षभर मगनवाडीत राहून शेगावला ऐसपैस आश्रम बांधवून घेता आला असता, आणि तो पुरा झाल्यावर वाजतगाजत गृहप्रवेश करता आला असता. लंडनच्या पुलाची ती रीत होती. गांधीजींनी ती घेतली नाही.

त्यांनी घातलेली अट प्रसिद्ध आहे. झोपडीला शंभर रुपयांहून अधिक खर्च होऊ नये, सामान आसपासचे असावे आणि हात गावातले असावेत. या अटीकडे साधेपणाचा नमुना म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. परंतु ती व्यवहाराच्या बाजूनेही पाहावी. शंभर रुपयांत जे मावत नाही ते बाहेरून विकत आणता येत नाही. मग माती तेथलीच घ्यावी लागते, बांबू आणि बल्ल्या जवळच्या रानातल्या, कवेलू गावच्या कुंभाराचे, आणि कूड विणण्याचे कसब गावच्या माणसाचे. मोठा ठेकेदार या हिशेबात बसतच नाही. जे पैशाने आणायचे नाही ते माणसांकडून मागावे लागते, आणि मागायचे म्हटले की त्यांच्या सवडीने चालावे लागते.

आणि सवडीचा प्रश्नच येथे मुख्य होता. शेगावात आधीपासून एक धंदा अखंड चालू होता, तो म्हणजे शेती. आश्रम हे त्या चालू कामाशेजारी निघालेले बांधकाम होते. आता तारखा पाहा. ३० एप्रिलला गांधीजी गावात आले. थोडे दिवस राहून मे महिन्यात ते विश्रांतीसाठी म्हैसूर संस्थानातील नंदी टेकडीवर गेले. आणि १६ जूनला भर पावसात वर्ध्याहून पायी चालत, भिजत शेगावला परतले. या सत्तेचाळीस दिवसांत मीराबेन, बलवंतसिंह आणि मुन्नालाल शहा यांच्या देखरेखीखाली पहिले घर उभे राहिले. वऱ्हाड-वर्ध्याकडच्या शेतकऱ्याला हे दिवस कोणते ते सांगावे लागत नाही. कापूस घरी आलेला असतो, रब्बी उरकलेली असते, उन्हाच्या काहिलीत रान ओसाड पडलेले असते आणि मृगाची वाट पाहण्यापलीकडे शेतात फारसे काम नसते. ७ जूनच्या सुमारास मृग लागला की तोच मजूर तिफणीमागे जातो, आणि मग गवंडीकामाला माणूस मिळत नाही. मिळालाच तर त्याची पेरणी बुडवून मिळतो. घर उठले ते नेमके या दोन हंगामांच्या मधल्या पोकळीत. तारखा कोणी मुद्दाम अशा जुळवल्या, असा आमचा दावा नाही. पण गावाच्या हाताने आणि गावच्या मातीने बांधायचे ठरले की ऋतूच अशी वेळ लादतो. रेल्वेचा ब्लॉक दोन गाड्यांच्या मधला, शेगावचा ब्लॉक रब्बी आणि मृगाच्या मधला.

या पहिल्या घराला आज आदिनिवास म्हणतात. मातीच्या भिंती, वर कवेलू, खाली शेणाने सारवलेली जमीन, आणि राहायला एकच मोठे दालन. त्या एका दालनात १९३६ च्या पावसाळ्यात काय काय चालले होते ते आठवले की आश्चर्य वाटते. कस्तुरबा होत्या, प्यारेलाल होते. तुकडोजी महाराज त्या वर्षी काही दिवस येथे राहून गेले. सरहद्द प्रांतात आणि पंजाबात जाण्यास बंदी झालेले खान अब्दुल गफारखान येथे आले. ‘हरिजन’चे लेखन, देशभरची पत्रे, कातणे, प्रार्थना, गावची सफाई, आणि वर्षअखेर खानदेशात फैजपूरला भरावयाच्या खेड्यातल्या पहिल्या काँग्रेस अधिवेशनाचा विचार, सगळे एका छपराखाली. फैजपूरला बांबू-तट्ट्यांचे टिळकनगर उभारले गेले. तेही गावठी सामानाचेच. पण ते अधिवेशनापुरते होते आणि अधिवेशन संपताच त्याचे काम संपले. शेगावच्या घराला तसा समारोप नव्हता. तेथे काम आधी होते आणि घर त्याच्यामागून धावत होते.

जागा अपुरी पडू लागली तशी दुसरी घरे उठली. मीराबेननी स्वतःसाठी एक कुटी बांधली. तिच्या भिंतीवर त्यांनी मातीतच ताडाची झाडे, मोर आणि चरखा उठविला. पुढे गांधीजींना त्या गर्दीत विसावा मिळेना, तेव्हा तेच या कुटीत आले आणि तिला न्हाणीघर व आजाऱ्याची खोली जोडावी लागली. आज जिला आपण बापूकुटी म्हणतो ती अशी दुसऱ्याच्या घरातून वाढलेली आहे. राष्ट्राच्या नेत्याचे निवासस्थान असा नकाशा कोणी काढलाच नव्हता.

क्रमाविषयी सर्वांत बोलके उदाहरण परचुरेशास्त्र्यांचे आहे. हे संस्कृतचे गाढे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या बरोबर होते. त्यांना महारोग जडला होता. ते आश्रमात आले तेव्हा त्या रोगाची भीती आजच्यासारखी ओसरलेली नव्हती. गुण देणारे औषध नव्हते आणि आश्रमातील शंभर जणांचा प्रश्न होता. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले. आपल्या कुटीपासून हाकेच्या अंतरावर त्यांच्यासाठी झोपडी बांधविली आणि त्यांच्या अंगाला मालीश करण्याचे काम स्वतःकडे घेतले. सचिवालय, टपालाची व्यवस्था, पाहुण्यांची सोय अशी कितीतरी बांधकामे तुंबलेली असताना एका रोग्याची झोपडी पुढे गेली. पुढे काय बांधायचे हे ठरविण्याचा अधिकार तेथे कोणाकडे होता, याचे उत्तर त्या झोपडीत आहे. ज्याची अडचण सर्वांत मोठी, त्याचा नंबर पहिला.

हे सगळे गोड होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. वाढत्या घरात राहण्याची किंमत असते आणि ती शरीराने मोजावी लागते. १९३६ चा पावसाळा सरता सरता गांधीजींना हिवताप झाला आणि त्यांना वर्ध्याच्या रुग्णालयात न्यावे लागले. मीराबेनही त्या काळात विषमज्वराने अंथरुणाला खिळल्या. वर्ध्याहून येणारी गाडीवाट पावसात चिखलाने भरे, बैल रुतत, आणि भेटीला येणारे मोठमोठे पुढारी गुडघाभर चिखल तुडवीत येत. पत्रांचीही तीच गत. भुसावळ–नागपूर मार्गावर गजानन महाराजांचे शेगाव आहे. आश्रमाची टपाल तिकडे जाऊ लागली. अखेर १९४० साली गावाचे नावच सेवाग्राम झाले. आधी नीट रस्ता, आधी नीट घर, मग काम, असा क्रम धरला असता तर हे हाल वाचले असते, असे कोणी म्हणेल. म्हणणे खोटे नाही. पण तसा क्रम धरला असता तर तयार होणारे घर शेगावचे राहिले असते काय, हाही प्रश्न त्याच्याबरोबर विचारला पाहिजे. दगडी वाडा आणि डांबरी सडक आधी झाली असती, तर गावकरी तेथे दबकत आले असते.

शिवाय हे हाल कोणी सोसले, ते पाहिले पाहिजे. बांधकामाशेजारी काम चालू ठेवायचे म्हटले की गैरसोय ही ठरलेलीच; ती नाहीशी करता येत नाही, ती कोणाच्या तरी अंगावर टाकावी लागते. गिऱ्हाइकाच्या अंगावर टाका, मजुराच्या टाका, शेजाऱ्याच्या टाका, की मालकाने स्वतःच्या अंगावर घ्यावी. शेगावी ती बांधविणारांनी स्वतःवर घेतली. गावाची पेरणी थांबली नाही; आश्रमातल्यांना दाटीवाटीने राहावे लागले. व्यवस्थापनाची कितीही पुस्तके चाळली तरी या प्रश्नाला वळसा घालता येत नाही, असे आम्हांस वाटते.

हीच रीत पुढे सेवाग्रामच्या दवाखान्यात दिसते. कस्तुरबा १९४४ साली आगाखान महालातल्या बंदिवासात वारल्या. त्यांच्या नावाचे रुग्णालय सेवाग्रामला निघाले ते नव्या इमारतीत नव्हे, तर बिर्लांनी बांधलेल्या अतिथिगृहात. १९४५ च्या सुमारास डॉ. सुशीला नय्यर यांनी तेथे स्त्रिया व मुले यांच्यासाठी पंधरा खाटा मांडल्या. पाहुण्यांची खोली रोग्यांची झाली, यापलीकडे उद्घाटनाला काही लागले नाही. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, याच रुग्णालयाला धरून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली आणि खेड्यातले वैद्यकीय महाविद्यालय ही कल्पना देशापुढे आली. पंधरा खाटांचे रुग्णालय पुढे शेकडो खाटांचे झाले. एवढी वाढ झाली, पण रोग्यांना ‘काम चालू आहे, पुढच्या वर्षी या’ असे सांगता येण्याजोगे ते ठिकाणच नव्हते. बाळंतीण वास्तुशांतीसाठी थांबत नाही.

रुग्णालयाशेजारचे बांधकाम ही या विषयातली सर्वांत कठीण परीक्षा होय. जुन्या भिंती फोडल्या, माती उकरली, की धुळीबरोबर बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत उठतात. धट्ट्याकट्ट्या माणसाला त्यांचे काही वाटत नाही. परंतु ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा आजाराने खचली आहे, त्याच्या फुप्फुसात ते रुजतात आणि जिवावर बेतते. ॲस्परजिलस या बुरशीमुळे बांधकामाच्या काळात रुग्णालयांत असे रोग पसरल्याचे जगभर नमूद झाले आहे. म्हणून आता कामाची जागा आणि रोग्यांची जागा यांत छतापर्यंत पडदे उभारतात, धूळ आत येऊ नये अशा बेताने हवेचा ओघ बाहेर वळवितात, राडा झाकून नेतात आणि अशक्त रोग्यांना दूरच्या कक्षात हलवितात. रुळावरच्या लाल झेंड्याचेच हे दुसरे रूप आहे. गँगमनने गाडीचे भान ठेवायचे, तसे गवंड्याने न दिसणाऱ्या रोग्याचे भान ठेवायचे.

संस्थांच्या आयुष्यात एक धोका नेहमी येतो. काम वाढते म्हणून इमारत हाती घेतात. मग इमारतीसाठी निधी, निधीसाठी समारंभ, समारंभासाठी समित्या. काही वर्षांनी पाहावे तर सगळी माणसे इमारतीच्या कामात आणि मूळ काम ओसरीवर बसलेले. वाचनालयाची इमारत पुरी होईपर्यंत वाचक पांगलेले असतात. शाळेचा दुसरा मजला चढेपर्यंत एक पिढी पहिल्या मजल्यावरच्या धुळीत शिकून निघून जाते. आपल्यापैकी ज्यांनी सार्वजनिक संस्था चालविल्या आहेत त्यांना यातली उदाहरणे नावानिशी आठवतील. सेवाग्रामला हे घडले नाही. १९४२ च्या जुलैत वर्ध्यास काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांना चालते होण्याचा ठराव केला, तेव्हाही ज्या कुटीकडे साऱ्या देशाचे डोळे लागले होते ती मातीची आणि कवेलूंचीच होती. २५ ऑगस्ट १९४६ रोजी गांधीजी तेथून गेले ते ज्या घरातून, ते आखिरी निवास तर मूळ जमनालालजींनी स्वतःसाठी बांधलेले. बांधविणारे जमनालालजी फेब्रुवारी १९४२ मध्येच गेले होते. गांधीजी परत आले नाहीत. १९४८ च्या मार्चमध्ये त्यांचे सहकारी येथे जमले ते त्यांच्यामागून कामाचे कसे करावे याचा विचार करण्यासाठी, स्मारकाचा घुमट किती उंच असावा यासाठी नव्हे.

मातीच्या घराला एक खोड आहे, आणि आम्ही तिला गुण म्हणू. ते कधी पुरे होत नाही. दर उन्हाळ्यात त्याची शाकारणी करावी लागते. फुटके कवेलू काढून नवे बसवायचे, वाळवी लागलेला बांबू बदलायचा, भिंतींना लिंपण द्यायचे, जमीन सारवायची, आणि हे सगळे घरातली चूल पेटती ठेवून करायचे. विदर्भातल्या पिढ्यांनी मृगाच्या आधीच्या त्या चार-सहा आठवड्यांत हेच केले. अंगणात कवेलूंची चळत, छपरावर घरधनी, खाली भाकरी थापणारी बाई, आणि पोरे एका खोलीतून दुसरीत हलविलेली. राहत्या घराचे बांधकाम कसे करावे, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. कोणती बाजू आज उघडायची, म्हाताऱ्याची खाट कुठे सरकवायची, आभाळ भरून आले तर किती वेळात झाकता येईल, एवढे पाहून ती माणसे शिडीवर चढत. सेवाग्रामच्या कुट्यांना आजही दरवर्षी हीच निगा लागते, आणि त्याचा मुहूर्त अजून पाऊसच ठरवितो.